पेटीची बाटली

रोग गेल्याचं रेडिओवर जाहीर होऊन तीन रविवार झाले होते. पहिल्या रविवारी मांपोंगच्या लोकांनी तोंडावरच्या पट्ट्या काढल्या. दुसऱ्या रविवारी ते चर्चमध्ये पुन्हा एकमेकांचे हात धरून नाचले. आणि तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्या गावाला आठवण झाली की आपली मढी अजून बर्फात आहेत.

एकदोन नव्हती. दोन वर्षं या ना त्या रूपानं बंदी होती, आणि अखेरीस तर पंचविसांवर माणसं जमवून माती द्यायची नाही असं ठरलं होतं. पंचवीस माणसांत माती म्हणजे मेलेल्याचं नाक कापणं, असं गावातल्या प्रत्येक बऱ्या घराला वाटत होतं, आणि वाईट घर गावात एकही नव्हतं. म्हणून ज्यानं त्यानं आपापला माणूस इस्पितळामागच्या थंड खोलीत ठेवला आणि वाट बघत बसला. आता बंदी उठली तशी सगळी मढी एकदम दाराशी आली. मांडववाल्यांचे शनिवार नोव्हेंबरपर्यंत संपले. प्लास्टिकच्या खुर्च्या मिळेनात. मयताचं काळं-तांबडं कापड कुमासी शहराच्या बाजारातूनसुद्धा उडालं. ढोलवाले तर अशा तोऱ्यात चालू लागले, जणू त्यांनी टिपरी मारल्याशिवाय स्वर्गाचं दार उघडतच नाही. जिवंत माणसांना आपापला कामधंदा पुन्हा सुरू करायचा होता. पण रांगेत त्यांच्या पुढे मेलेले होते.

क्वाबेना अन्टवी त्या रांगेत चौदा महिने होता.

त्या रविवारी चर्चमधून परतल्यावर अन्टवीच्या आईकडचं कुळ घराच्या चौकात पत्र्याखाली बसलं. दिवस ठरवायचा होता. हा दिवस याआधी तीनदा ठरला होता, आणि तिन्ही वेळा चौकाच्या भिंतीवरच्या मोठ्या छापील फोटोखाली नव्या तारखेचा कागद चिकटवला होता. फोटोतला अन्टवी खऱ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण होता आणि त्यानं टाय लावला होता, जो त्यानं जन्मात लावला नव्हता. फोटोखाली 'वय एकोणऐंशी' असं होतं; गेला तेव्हा तो अडुसष्टचा होता. त्याखाली 'वाहतूक व्यवसायातील ज्येष्ठ नेते' असं होतं. माणूस चाळीस वर्षं गाडीतळावर उभा राहून "कुमासी, कुमासी, कुमासी, दोन जागा!" असं ओरडत असे, आणि गाडी भरली की तिच्या पत्र्यावर थाप मारून सोडून देत असे. मेल्या म्हशीला मणभर दूध.

त्याची बायको सेर्वा फोटोच्या बरोबर खाली, बुटक्या स्टुलावर बसली होती. खुर्च्या कुळाच्या माणसांसाठी होत्या. नवऱ्याचं मढं त्याच्या आईच्या कुळाचं. बायकोला अशा बैठकीत बसायला जागा असते, बोलायला नसते. सेर्वाच्या अंगावर काळं होतं. चौदा महिने काळंच होतं, आणि त्यातली गंमत ही की विधवेचं वर्ष अजून सुरूच झालं नव्हतं. वर्ष मातीपासून मोजतात. माती नाही तर वर्ष नाही, आणि या घराच्या रीतीनं, नवरा मातीत गेल्यावर आठव्या दिवशी हात धुतल्याशिवाय विधवेनं दुसऱ्याच्या पोटासाठी पीठ मळायचं नाही. मागच्या अंगणातली तिची मातीची भट्टी थंड होती. एकेकाळी पहाटे त्या भट्टीतून दीडशे पाव निघत आणि पहिली गाडी सुटायच्या आत गाडीतळावर संपत. आता त्या भट्टीत शेजारणीची कोंबडी अंडी घालत होती, आणि पाव पलीकडच्या गल्लीतली कम्फर्ट विकत होती. शाळा उघडल्या, बाजार भरले, सरहद्दीसुद्धा उघडल्या. उघडायची राहिली होती ती सेर्वाची भट्टी तेवढी.

'तो बर्फात आणि मी काळ्यात,' तिच्या मनात आलं. 'त्याला निदान कळत नाही.'

"आवाज येतोय का? नाना, माझा आवाज येतोय का?" टोमॅटोच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून ओडुरो विचारत होता. ओडुरो म्हणजे अन्टवीच्या बहिणीचा मुलगा, म्हणून अन्टवीचा वारस. हॅम्बर्गला असतो. सहा वर्षांत आलेला नाही. पण गेली दोन वर्षं 'विमानं बंद आहेत' हे कारण त्याला इतकं मानवलं होतं की आता ती सुरू झाल्याचं त्याला थोडं वाईटच वाटत असावं.

"येतोय, येतोय," नाना बोआचे म्हणाले. कुळाचे प्रमुख, अन्टवीचे मामा, वय एक्क्याऐंशी, आणि हे एक्क्याऐंशी खरं. "तू ओरडू नकोस. समुद्र ओलांडून ओरडायची गरज नाही, मधे तार आहे."

"तार नाही, नाना, आता उपग्रह—"

"तेच ते. अजून अफ्रियी आली नाही वाटतं? बैठकीला लेकीनं उशीर करायचा, ही नवीन रीत."

"कुमासीहून यायचंय तिला, पाठीवर लेकरू घेऊन," सेर्वा म्हणाली.

"सेर्वा," अन्टवीची मोठी बहीण, ओडुरोची आई पोकुआ म्हणाली. एवढंच. त्या एका शब्दात 'तुला कुणी विचारलं' हे पूर्ण वाक्य होतं.

तेवढ्यात अफ्रियी आलीच. सात महिन्यांची न्हिरा पाठीला बांधलेली, तिची मान गाढ झोपेत एका बाजूला लवंडलेली, आणि आईच्या कापडावर तिच्या लाळेचा ओला नकाशा. अफ्रियीनं रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांचे हात हातात घेतले. दोन वर्षं लोक कोपरानं कोपर शिवत होते. आता हात हातात घ्यायची मुभा होती, तरी नानांनी तिचा हात सोडून आपला हात हळूच अंगावरच्या कापडाला पुसलाच. मग तिनं पिशवीतून जिनची एक हिरवी बाटली काढली आणि दोन्ही हातांनी नानांपुढे धरली.

"नाना, ही पेटीची बाटली. माझ्या बाबांच्या पेटीची. लेकीकडून."

बापाची शवपेटी मुलांनी आणायची आणि तिच्यासोबत बाटली द्यायची, ही जुनी रीत. नानांनी बाटली उलटीपालटी करून सील बघितलं. सील खरं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा!" ते म्हणाले. "शहरात शिवणकाम करते, पण रीत विसरली नाही. नाहीतर आजकालची पोरं! बापाला पेटी म्हणजे फर्निचर समजतात. पोकुआ, पेला दे."

"मामा, आधी दिवस तर ठरू द्या," पोकुआ म्हणाली.

"दिवस ठरेल. ओला गळा सुक्या गळ्यापेक्षा लवकर ठरवतो."

त्यांनी सील फोडलं, उभे राहिले, खांद्यावरचं कापड खाली घेतलं आणि पहिली धार जमिनीवर ओतली. "पूर्वजांनो, या, प्या. अन्टवी, तुझ्या लेकीनं पेटी दिली आणि आम्ही घेतली. तिच्या कुशीला बरकत दे. आमच्या वाटेतला काटा काढ." बसलेल्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार दिला. मग नानांनी उरलेला पेला एका दमात रिकामा केला, ओठ पुसले आणि दुसरा भरला. पूर्वजांना एक धार, नानांना दोन पेले. हिशेब बरोबर होता.

अफ्रियी आईशेजारी जमिनीवर बसली. तिनं न्हिराला पाठीवरून सोडवून मांडीवर घेतलं, आणि झोपेतच पोरीनं तोंडानं दूध शोधायला सुरुवात केली, म्हणून पदराआड घेतलं. लहानग्या जबड्याची ती लय सुरू झाल्यावर तिला जरा धीर आला. नानांनी बाटली घेतली होती, प्यायलीही होती. आता मागे फिरता येणार नव्हतं.

"तर माझं म्हणणं असं," फोनमधला ओडुरो म्हणाला. "नोव्हेंबर. मला नोव्हेंबरात रजा आहे. आणि नाना, मामाला साधं नाही काढायचं. सोनेरी पलंगावर तीन तास दर्शन. मोठा पडदा लावू, त्यावर मामाचे फोटो. बँड कुमासीचा. इथले आमचे लोक येतील, त्यांना मी सांगून ठेवलंय."

"किती लोक?" नानांनी विचारलं.

"चाळीस तरी."

"हॅम्बर्गहून चाळीस!" नानांनी चौकातल्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. "ऐकलंत? परवा त्या बारिमाच्या घरी लंडनचे अकरा आले होते तर चार दिवस तोंड वर करून फिरत होता."

"नोव्हेंबर म्हणजे अजून सात महिने," सेर्वा म्हणाली.

"सेर्वा—"

"नाही वन्सं, आज मी बोलणार आहे. सात महिने म्हणजे एकवीस होतील. एकवीस महिन्यांत जन्मलेलं पोर चालायला लागतं. आधी म्हणालात, बंदी आहे. मग म्हणालात, मुभा शंभरच माणसांची, ती कमी आहेत. मग पुन्हा बंदी. आता बंदी नाही, तर ह्याची रजा नाही. रोग गेला म्हणे. माझ्या दारातून कधी जायचा तो?"

"मामी," ओडुरोनं आवाज मऊ केला, "तुम्हाला काय घाई आहे? मामा कुठे पळून चाललाय?"

कुणीतरी हसलं. सेर्वानं मान वळवून कोण हसलं ते बघितलं नाही. बघितलं असतं तर आयुष्यभर लक्षात ठेवावं लागलं असतं.

"घाई पावाची आहे तिला," नाना म्हणाले आणि पेल्यात बघत स्वतःशीच खुदखुदले. "नवरा गेला तर गेला, भट्टी पेटली पाहिजे."

"हो, पेटली पाहिजे," सेर्वा म्हणाली. "त्याच भट्टीच्या पावावर तुमचा भाचा चाळीस वर्षं गाडीतळावर उभा राहिला. वाहतुकीचे ज्येष्ठ नेते."

शेवटचे शब्द तिनं फोटोकडे न बघता, अगदी हळू उच्चारले. तरी पोकुआच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो ताबडतोब जागेवर आणला.

पोकुआला या घडीला कुणाचीच बाजू धड घेता येत नव्हती, आणि त्याची तिला सवय नव्हती. तीस वर्षं ती गावातल्या प्रत्येक मयताला गेली होती, पहिल्या रांगेत बसली होती, जिथे जेवढं द्यायचं तिथे तेवढं देऊन आली होती, आणि कुणाच्या घरचा रस्सा पातळ होता, कुणाची रडणारी भाड्याची होती, हे तिला तारीखवार पाठ होतं. आता तिच्या भावाची पाळी होती. सगळ्यांनी येऊन बघावं असं मयत. ते तिचंही स्वप्न होतं. ओडुरोच्या डोक्यात सोनेरी पलंग भरवला होता तो तिनंच.

पण दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती इस्पितळामागे जाऊन यायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं. राखणदाराला दोन उकडलेली अंडी द्यायची आणि दारात उभी राहून भावाशी बोलायची: कम्फर्टचा पाव कसा रबरासारखा आहे, ओडुरोनं कसा नवा चष्मा घेतलाय. आत जायची नाही. गेल्या महिन्यात राखणदारानं आपणहून तिला आत नेलं. 'आई, बघून घ्या,' तो म्हणाला, 'म्हणजे तुमच्या लोकांना सांगता येईल.' मधे आठवडाआठवडा वीज गेली होती. माणसं जास्त, खोली तेवढीच. तिनं बघितलं. ज्याला तिनं लहानपणी पाठीवर बांधून विहिरीवर नेलं होतं तो तिथे नव्हता. काळवंडलेलं, आक्रसलेलं, अनोळखी काहीतरी होतं. सोनेरी पलंगावर ते ठेवलं असतं तर चाळीस हॅम्बर्गवाले दारातूनच परतले असते.

तेव्हापासून ती 'नोव्हेंबर' म्हणत होती, कारण नोव्हेंबर लांब होता.

"मग नोव्हेंबरचा दुसरा शनिवार धरू," नाना म्हणाले. "पोकुआ, तुझं काय?"

पोकुआनं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला.

छोटा ट्रक होता. मागच्या फळीवर, दोरखंडानं आवळलेली, तांबूस लाकडाची, पितळी कड्यांची एक लांबच लांब पेटी होती, आणि तिच्यावर पाय पसरून सुतार दुपारचं भाजकं केळं खात होता.

"अफ्रियीताई इथंच का?" त्यानं विचारलं. "कुठं उतरवू? मला परत जायचंय, आणखी चार पोचवायच्यात."

नानांनी पेला खाली ठेवला.

"हे काय आहे?" नाना म्हणाले.

"पेटी, नाना," अफ्रियी म्हणाली. "आत्ता तुम्ही घेतलीत ती."

"मी... मी बाटली घेतली! पेटी नोव्हेंबरात आणायची!"

"मी चौदा महिन्यांपूर्वी करायला सांगितली होती. ती तेव्हापासून त्याच्या दुकानात उभी आहे. आता सगळं गाव पेट्या मागतंय, त्याला जागा नाही. शुक्रवारी म्हणाला, ने नाहीतर दुसऱ्याला देतो. शहरातल्या माझ्या एका खोलीत मी आणि लेकरू. तिथे कुठे ठेवू? म्हणून जिथली तिथे आणली."

"परत ने! अरे, उतरवू नकोस!"

पण सुतार आणि ड्रायव्हर दोघांनी ती खाली घेतलीही होती, आणि चौकाच्या मधोमध, नानांच्या खुर्चीपासून चार पावलांवर ठेवली होती. झाकण नीट बसलंय ना हे दाखवायला सुतारानं ते उघडून आत थाप मारली. आत पांढरं रेशमी अस्तर होतं. "सहा फूट दोन इंच," तो अभिमानानं म्हणाला. "ऐसपैस आहे."

नाना बोआचेसुद्धा सहा फूट दोन इंच होते.

त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की रिकामी पेटी घरात राहिली की माप शोधू लागते. ती घाई करत नाही. रात्री लाकूड करकरतं, आणि मग कुणाला तरी खोकला होतो. नानांना लगेच खोकला आला. त्यांनी तो आवरला, म्हणून तो आणखी मोठा आला. या रोगाच्या दोन वर्षांत ते कुठेही गेले नव्हते, कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं, लिंबू-आलं-लसणीचा काढा पिऊन पिऊन त्यांच्या अंगाला तोच वास येऊ लागला होता, आणि हे सगळं करून ते जगले होते. आता रोग गेल्यावर, तिसऱ्या रविवारी, एका सुताराच्या मापात सापडायचं?

"पोकुआच्या खोलीत ठेवा," ते म्हणाले.

"माझ्या?" पोकुआ म्हणाली. "माझ्या खोलीत का? कुळाचे प्रमुख तुम्ही. बाटली प्यायलात तुम्ही."

"ओडुरो, तू सांग काहीतरी!"

"नाना, एखाद्या दुकानात, गोदामात कुठे ठेवता येईल का?" फोन म्हणाला. "नोव्हेंबरपर्यंत? आणि मला जरा दाखवा कशी आहे. मी काचेची सांगणार होतो."

पोकुआ पेटीकडे बघत होती. अस्तर पांढरं होतं. झाकण जड होतं. झाकण बंद होणारं होतं. हे तिच्या इतक्या उशिरा लक्षात आलं की तिला स्वतःचाच राग आला.

ती उठली.

"मामा," ती म्हणाली, "येबोआच्या वेळचं आठवतं?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? त्याच्या पोरांनी पेटी आणली. धाकटा लिबियाला होता, तो येईपर्यंत थांबू म्हणत होते. तुम्ही याच चौकात उभे राहून काय सांगितलंत? पेटीची बाटली प्यायली की रिकाम्या पेटीनं दुसरा रविवार बघायचा नाही. पाच दिवसांत माती दिलीत. धाकटा आला तेव्हा गवत उगवलं होतं."

नानांना आठवत होतं. येबोआच्या कोकोच्या बागेची वाटणी मातीनंतरच व्हायची होती, आणि तेव्हा नानांना घाई होती, हेही आठवत होतं. नियम जुना की बागेपुरता, हे आता सांगणं शक्य नव्हतं. समोर वीस माणसं होती, आणि वीसच्या वीस तेव्हाही होती.

"पूर्वजांना तुम्ही सांगितलंत, 'दिली आणि घेतली'," पोकुआ म्हणाली. "आता त्यांना काय सांगणार? जर्मनीची रजा मिळाली नाही?"

"आई! तू काय बोलतेयस?" फोन ओरडला. "आपलं ठरलं होतं! पलंग, पडदा, चाळीस माणसं, मी सगळ्यांना तोंडानं सांगून बसलोय!"

"तर तोंडानंच सांग, मातीला नाही, नंतर या म्हणून. नोव्हेंबरात मोठी क्रिया करू. फोटो ठेव, पडदा लाव, बँड आण, तुझे चाळीस उलटे नाचव. मातीला मात्र तू थांबायचं कारण नाही."

"पण दर्शन? लोक मामाला बघायला येणार—"

"पेटी बंद राहील," पोकुआ म्हणाली. "कुणी बघायचं नाही त्याला."

ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज सेर्वानं हेरला. बाकी कुणी नाही. सेर्वानं मान वर केली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. चाळीस वर्षांत एका चुलीवरून, एका माणसावरून, मिठाच्या चिमटीवरून भांडलेल्या दोघी.

"बघितलंत तुम्ही त्यांना?" सेर्वानं विचारलं.

पोकुआनं होकाराची मान हलवली.

"कसे आहेत?"

"दमलाय," पोकुआ म्हणाली. "चौदा महिने गाडीतळावर उभा असल्यासारखा दमलाय. आता बसू दे त्याला."

सेर्वानं काळ्या कापडाचा बोळा तोंडात धरला. अफ्रियीनं न्हिराला एका हातात घेऊन दुसरा हात आईच्या पाठीवर ठेवला, आणि ती पाठ किती बारीक झालीय हे तिला हातालाच कळलं.

"आई, फोन उचल, माझं ऐक—" ओडुरो म्हणत होता. पोकुआनं टोमॅटोच्या डब्याला टेकलेला फोन उचलला आणि पालथा ठेवला. त्याचा आवाज टेबलाच्या लाकडात घुमत राहिला, मग थांबला.

आता दिवस. सोमवार-मंगळवारात तयारी होत नव्हती. शनिवार कुणाचाच मोकळा नव्हता. गुरुवारी मातीला हात लावायचा नाही, धरणीचा वार. शुक्रवारी कबर खणणारे दुसरीकडे गुंतलेले. नाना पडल्या चेहऱ्यानं ऐकत होते आणि दर थोड्या वेळानं पेटीकडे बघून खुर्ची एक बोट मागे सरकवत होते.

"राहतो बुधवार," पोकुआ म्हणाली.

"बुधवारी!" नाना म्हणाले. "बुधवारी कोण माती देतं? लोक म्हणतील, चोर होता काय!"

"मग पेटी रविवारपर्यंत तुमच्या खोलीत ठेवू, आणि काय होतं ते बघू."

"बुधवार," नाना म्हणाले. "बुधवार चांगला वार आहे. माझी आई बुधवारीच जन्मलेली."

सगळ्यांनी हुंकार दिला. खुर्च्या सरकल्या. जी माणसं इतका वेळ नोव्हेंबरला मान डोलावत होती ती आता बुधवार कसा सोयीचा आहे हे एकमेकांना पटवू लागली. आपलंही मत पहिल्यापासून हेच होतं असं दोघांनी तर अफ्रियीच्या कानाशी येऊन सांगितलं. तिनं दोघांचेही आभार मानले. हसू दाबताना तिला न्हिराच्या टाळूवर ओठ टेकवावे लागले.

"पण तीन दिवस ही कुठं राहणार?" सुतारानं विचारलं. केळं संपलं होतं.

प्रत्येकाला आपापल्या खोलीची अडचण आठवू लागली.

"माझ्या खोलीत आणा," सेर्वा उठत म्हणाली. "खाटेच्या बाजूला. त्यांची जागा तिथेच होती."

"भीती नाही वाटणार?" नाना म्हणाले.

"नाना, चौदा महिने मी बाजूची अर्धी खाट रिकामी बघतेय. तिनं मला कुठं नेलं?"

पेटी आत गेली. चौक रिकामा झाला. नाना अर्धी बाटली काखेत धरून घरी गेले, जरा भरभर. सेर्वा मागच्या अंगणात आली, भट्टीच्या तोंडातून कोंबडीला हाकलू लागली आणि मग तिथेच भट्टीची कड धरून उभी राहिली. अफ्रियी तिच्या मागे आली होती आणि पोकुआही, का ते तिनं सांगितलं नाही.

"बुधवारचा आठवा दिवस म्हणजे पुढचा बुधवार," सेर्वा म्हणाली. "गुरुवारी पहाटे पेटवता येईल. अफ्रियी, मैद्याचं एक पोतं..." ती थांबली. "की अर्धंच सांगू?"

"अर्धं का, आई?"

"घेतील का गं कुणी माझ्या हातचं?"

अफ्रियीनं न्हिराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बाप रक्तदाबानं गेला, असं घरानं सगळ्यांना सांगितलं होतं. पण अन्टवीला शेवटचे नऊ दिवस कशानं खोकवलं होतं, हे गाडीतळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोग गेला असं रेडिओ म्हणतो. पण ज्या घरातून मढं निघालं त्या घरचा पाव उचलताना हात आखडतो. कम्फर्टच्या घरी कुणी दगावलं नव्हतं. तिचा पाव रबराचा असला तरी त्याला कुणाचा खोकला लागलेला नव्हता.

"नाही घेणार," पोकुआ म्हणाली. "भित्रे आहेत मेले सगळे. आत्ता बघितलंस ना, एका रिकाम्या लाकडाला घाबरून एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा पळाला. तुला वाटतं, तुझ्याकडे धावत येतील?"

सेर्वानं मान खाली घातली.

"म्हणून पहिले सहा पाव माझे ठेव," पोकुआ म्हणाली. "सकाळी साडेपाचला येईन. गाडीतळावर, पहिली गाडी लागते तिथे मधोमध स्टूल टाकून बसेन आणि सगळ्यांदेखत खाईन. दोन तिथल्या तिथे, लोण्याशिवाय, पाण्याशिवाय. मी मेले नाही हे सगळ्यांनी बघितलं की उरलेले खपतील. पूर्ण पोतंच सांग."

सेर्वा तिच्याकडे बघतच राहिली.

"अशी बघू नकोस," पोकुआ म्हणाली आणि जायला वळली. फाटकापाशी थांबून तिनं मान वळवली. "आणि साखर कमी घाल. चाळीस वर्षं सांगतेय तुला, जास्त पडते."